परदेशी सहलीत या चुका टाळा: भीती एकीकडे, धोका दुसरीकडे

परदेशात जायचं म्हटलं की अंधाऱ्या गल्ल्या आणि लुटारूच आधी डोळ्यांसमोर येतात. पर्यटकाचं नुकसान मात्र बहुतेक वेळा भरदिवसा आणि गर्दीत होतं. भाड्याच्या स्कूटरवर किंवा समुद्रात झालं तर ते जिवावरही बेततं. काहींची सहल तर विमानतळाच्या काउंटरवरच संपते.

पासपोर्ट 'चालू आहे' एवढ्यावर निर्धास्त राहणं

सिंगापूर, इंडोनेशिया अशा अनेक देशांत प्रवेशाच्या वेळी पासपोर्टची किमान ६ महिने मुदत शिल्लक लागते. शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा, हिशेब वेगळा आहे. तिथून निघायच्या तारखेनंतर ३ महिने मुदत हवी, शिवाय पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा. नियमात बसत नसाल तर विमान कंपनी चढूच देत नाही, कारण तुम्हाला परत आणायचा भुर्दंड तिच्यावर पडतो. तिथे हुज्जत घालून उपयोग नसतो. तिकीट काढण्याआधीच तारीख बघा.

औषधांची पिशवी न बघता भरणं

सर्दीच्या साध्या गोळीतही स्यूडोएफेड्रिन असू शकतं, आणि ते १० टक्क्यांहून जास्त असलेली औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाला संयुक्त अरब अमिरातीत आधी परवानगी लागते. ई-सिगारेट सिंगापूर आणि थायलंडमध्ये बेकायदा आहे. 'माहीत नव्हतं' हे उत्तर कस्टम्सवाले रोजच ऐकत असतात. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या, पण त्याआधी त्यातले घटक त्या देशाच्या यादीशी ताडून बघा. आणि रांगेतल्या अनोळखी माणसाची बॅग, तो कितीही सभ्य वाटला तरी, हातात घेऊ नका.

गर्दीत हात मोकळे, खिसे उघडे

बार्सिलोना किंवा पॅरिसच्या मेट्रोत हा प्रकार नेहमीचा. डबा भरलेला असतो, तुम्ही आत चढता, आणि पुढचा माणूस नेमका दारातच थबकतो. मागचे दोघं ढकलतात, तुम्ही तोल सावरायला दांडा पकडता. दार लागायची घंटा वाजते, मागचे दोघं पटकन उतरतात आणि दार बंद होतं. पाकीट गेल्याचं तुमच्या लक्षात येईपर्यंत गाडी बोगद्यात शिरलेली असते. म्हणून दारापाशी उभं राहणं टाळा, सॅक पोटावर घ्या आणि मागच्या खिशात काहीच ठेवू नका. सगळे पैसे आणि सगळी कार्डं एकाच पाकिटात ठेवणं ही तर चोराला केलेली मदतच. एक कार्ड आणि थोडी रोकड मुक्कामाच्या ठिकाणी, बॅगेत खोलवर असू द्या.

भिडेपोटी थांबणं

पॅरिसला साक्रे-केर चर्चच्या पायऱ्यांवर कोणीतरी हसत तुमच्या मनगटात दोरा बांधतो आणि मग पैसे मागतो. बँकॉकच्या ग्रँड पॅलेसबाहेर एक भला माणूस 'आज बंद आहे' असं सांगून स्वस्तात टुकटुक ठरवून देतो. ती टुकटुक तुम्हाला थेट रत्नांच्या दुकानात नेते. राजवाडा अर्थातच उघडा असतो. ठिकाणं वेगळी, पण खूण एकच: समोरच्यानेच तुम्हाला गाठलेलं असतं. अशा वेळी हात खिशात घालून चालत राहा, उद्धट दिसलात तरी चालेल. साध्या कपड्यातला 'पोलीस' पाकीट तपासायला मागू लागला तर पाकीट देऊ नका, 'जवळच्या चौकीत जाऊ' म्हणा. खरा असेल तर नेईल.

एक पैशांची गोष्ट जाता जाता. कार्ड मशीन तुमच्या देशाच्या चलनात रक्कम दाखवून 'यात भरता का?' असं विचारतं. सोय वाटते, पण तो दर महागडा असतो. स्थानिक चलनच निवडा.

स्कूटर आणि समुद्र

माझ्या मते सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यायला हवी, आणि सगळ्यात कमी घेतली जाते ती इथेच. आंतरराष्ट्रीय परवाना मोटारीचा असेल तर तो दुचाकीला चालत नाही. दुकानदार विचारत नाही, पण अपघात झाल्यावर विमा कंपनी विचारते. योग्य परवाना नसेल किंवा दारू प्यायलेली असेल तर बहुतेक पॉलिसी हात वर करतात. स्कूटरवाल्याकडे मूळ पासपोर्ट गहाण ठेवू नका. आधीच असलेल्या ओरखड्याचे पैसे उकळायला त्याला तेवढं पुरतं. गाडी घेण्यापूर्वी तिचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढा.

समुद्रात लाटा फुटत नाहीत अशी शांत, गडद पट्टी दिसली की लोक मुद्दाम तिथे उतरतात. आत खेचणारा प्रवाह, म्हणजे रिप करंट, बऱ्याचदा तिथेच असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झटू नका, दमून जाल. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा. ऑस्ट्रेलियात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं असतं.

फुकटात मिळालेली दारूही टाळा. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसच्या वांग व्हिएंगमध्ये दारूत मिसळलेल्या मिथेनॉल या विषारी अल्कोहोलच्या बाधेने ६ परदेशी पर्यटक दगावले. पिऊन काही तासांनी अंधुक दिसायला लागलं, तर ती नशा समजून झोपू नका, रुग्णालय गाठा.

तरीही बिघडलंच तर

तातडीच्या मदतीचे क्रमांक लक्षात ठेवा: युरोपीय संघात ११२, अमेरिकेत ९११, जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९. रुग्णालयात दाखल होताच विमा कंपनीला फोन करा. बिल झाल्यावर कळवलं तर दावा अडकू शकतो.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार करा आणि तिची प्रत घेऊन आपल्या दूतावासात जा. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती ई-मेलमध्ये असतील तर काम लवकर होतं. दूतावासाकडून पासपोर्टऐवजी नवीन कागद हातात आला की लोक थेट विमानतळावर जातात आणि तिथे अडकतात, कारण त्यावर प्रवेशाचा शिक्का नसतो. अनेक देशांत त्यासाठी देशाबाहेर पडायची परवानगी आधी इमिग्रेशन कार्यालयातून काढावी लागते. ही कार्यालयं सुट्टीच्या दिवशी बंद असतात, त्यामुळे परतीचं तिकीट पुढे ढकलताना तेवढे दिवस धरा.