बनारसचे घाट तैलरंगात: या चुका टाळा

पहिली चूक पॅलेट उघडण्याआधीच झालेली असते: घाटांमागून उगवणारा सूर्य. बनारसला गंगा उत्तरेकडे वाहते आणि शहर तिच्या पश्चिम काठावर आहे. सकाळी नावेतून घाट पाहिले तर सूर्य आपल्या पाठीशी असतो, चुनारच्या दगडावर ऊन समोरून पडतं. काळे घाट आणि मागे केशरी आकाश हवंच असेल तर सरळ संध्याकाळ रंगवा.

पायऱ्यांची चूक मुरलेल्या हातांकडूनही होते. नावेत बसल्यावर आपले डोळे पाण्यापासून जेमतेम मीटरभर वर असतात. त्या पातळीच्या वरच्या पायऱ्यांची पाऊल ठेवायची बाजू दिसतच नाही, दिसतात फक्त उभ्या पट्ट्या. तरीही गच्चीवरून पाहिल्यासारखी एकेक पायरी काढली जाते आणि अख्खा घाट नदीत घसरतोय असं वाटतं. आय लेव्हलची रेघ आधी मारा. वरच्या पायऱ्या चार-सहा आडव्या फटकाऱ्यांत उरका; त्या मोजायला कोणी येत नाही.

आता धुकं. सगळ्यात टिटॅनियम व्हाइट घातलं की धुकं होत नाही, चित्र पिठूळ होतं. धुक्यात उजेड आणि सावली यांतला फरक मिटत जातो, हे खरं काम. अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचा करडा करा, तो पांढऱ्याने बेताने उजळा आणि लांबचे घाट त्याच्या दोन-तीन जवळच्या टोनमध्येच (उजळ-गडदपणाच्या पायऱ्यांत) बसवा. सगळ्यात गडद टोन पुढच्या नावेसाठी राखून ठेवा. मोबाइलवर चित्राचा कृष्णधवल फोटो काढला की गडबड लगेच कळते. चित्र आधीच पिठूळ झालं असेल तर वाळू द्या, मग लिनसीड ऑइलमधल्या (जवसाच्या तेलातल्या) पारदर्शक रंगाचा पातळ थर, म्हणजे ग्लेझ, द्या. ओल्या थरावर दिलात तर चिखल.

मणिकर्णिकेजवळचं रत्नेश्वर मंदिर खरोखरच कललेलं आहे, ते सरळ करू नका. पंचगंगा घाटावरच्या मशिदीचे उंच मिनार जुन्या चित्रांत दिसतात, आज नाहीत; जुन्या चित्रावरून काम करताना काळ ठरवून घ्या.

बर्न्ट अंबरच्या (गडद तपकिरी रंगाच्या) सावल्या वाळल्यावर मेल्यासारख्या दिसल्या तर वरून रंग थापू नका. तेल खालच्या थराने शोषलेलं असतं. फडक्याने लिनसीडचा अगदी पातळ हात फिरवा आणि जादा तेल पुसून घ्या. व्हार्निशला निदान सहा महिने थांबा.