हिब्रू संदेष्टे वाचताना या चुका टाळा

बायबलातल्या यिर्मया या संदेष्ट्याच्या (देवाचा निरोप सांगणाऱ्याच्या) पुस्तकातलं, 29व्या अध्यायातलं 11वं वचन मराठी ख्रिस्ती घरांत कॅलेंडरवर, फ्रेममध्ये, परीक्षेच्या शुभेच्छांत हमखास भेटतं: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. त्याच्या आधीचं 10वं वचन मात्र कुणी छापत नाही. परत आणीन, पण बाबेलची (बॅबिलोनची) 70 वर्षं भरल्यावर, असं त्यात आहे. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेहून धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेलं हे पत्र. ते ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांची हाडं परमुलखातच राहणार होती. म्हणून तर यिर्मया सांगतो की घरं बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं उरका आणि त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

आता एक पान मागे जा. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू, म्हणजे बाबेलच्या ताब्यात राहण्याची खूण, काढून मोडतो आणि म्हणतो, 2 वर्षांत धरून नेलेलं सगळं परत येईल. लोकांना दोघांपैकी कोण आवडला असेल, हे सांगायला नको! पहिली आणि सर्वांत मोठी चूक हीच, आशेचं वचन न्यायापासून, म्हणजे देवाच्या शिक्षेच्या इशाऱ्यापासून, तोडून घ्यायचं. असं केलं की शब्द यिर्मयाचे राहतात, पण बोलतो हनन्या.

याच्या उलटही चूक होते. संदेष्टे म्हणजे नुसते शिव्याशाप देणारे, असं धरून लोक पुस्तक मिटतात. त्यांनी 32वा अध्याय वाचावा. यरुशलेमेला वेढा पडलाय, शहर पडणार असं म्हटल्याबद्दल यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे. गाव शहराजवळचं, म्हणजे वेढा घालणाऱ्या फौजेच्याच टापूत. तरी यिर्मया 17 शेकेल (वजनाचं जुनं माप) रुपं, म्हणजे चांदी, तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, खरेदीखताच्या मोहोरबंद आणि उघड्या अशा दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याला मातीच्या मडक्यात ठेवायला लावतो, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. शहर पडणार हे त्याचं म्हणणं मात्र तसूभरही बदललेलं नाही. हा व्यवहार मला त्याच्या कुठल्याही प्रवचनापेक्षा बोलका वाटतो.

भाकितांची वेळापत्रकं करू नका. सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखी नांगरली जाईल, असं मीखा हा आधीचा संदेष्टा म्हणाला होता. शंभरएक वर्षांनी यिर्मयाला मारायला लोक उठले, तेव्हा वडीलधाऱ्यांनी याच वाक्याची आठवण दिली: यहूदाच्या हिज्कीया राजाने ते मनावर घेतलं आणि अरिष्ट टळलं. भाकीत तेव्हा खरं झालं नाही, पण मीखाला खोटा कुणी म्हटलं नाही. निनवे शहराचा नाश होईल असं सांगणाऱ्या योना संदेष्ट्याची तर तक्रारच ही होती की निनवे वाचली.

न्याय शेजाऱ्याचा, आशा आपली, ही वाटणी आमोस संदेष्ट्याने केव्हाच उधळून लावलीय. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब असं एकेका शेजाऱ्याचं पाप तो मोजत जातो. इस्राएल या उत्तरेकडच्या राज्यातल्या श्रोत्यांनी माना डोलावल्या असणार. मग यहूदा या दक्षिणेकडच्या राज्याचं नाव येतं आणि लगेच त्यांचं स्वतःचं. आरोपही कसले? गरिबाला जोडाभर पायतणासाठी विकलंत, माप लहान केलंत, तराजू खोटा ठेवलात. त्याच्या पुस्तकाचा आशादायी शेवट नंतर जोडलेला असावा, असं अनेक अभ्यासक म्हणतात. असेल, पण ज्यांनी जोडला त्यांनी आधीचं एक अक्षर खोडलं नाही.

वाचनाचा क्रम हवा असेल तर यहुदी परंपरेत तो तयार आहे. मंदिराच्या विध्वंसाचा उपास म्हणजे तिशा बआव. कोकणातले बेने इस्राएल यहुदी त्याला बिरड्याचा सण म्हणत. त्याआधीच्या तीन शब्बाथांना (शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी) यिर्मया आणि यशया यांतली फटकारणारी वचनं वाचतात, नंतरचे सात शब्बाथ सांत्वनाची. ही सातही यशयाच्या 40व्या अध्यायापासून पुढची. एवढा वेळ नसेल तर यिर्मयाचे 26, 28, 29 आणि 32 हे चार अध्याय एका बैठकीत वाचा, तासाभराचं काम आहे.