साताऱ्यात नवी गाडी घेणाऱ्यांसाठी : वाढीव वॉरंटी आणि देखभाल योजनेविषयी

नोकरीनिमित्त लातूर सोडून आम्ही साताऱ्यात आलो, त्याला आता १८ वर्षे झाली. दर जूनमध्ये बदलीवर आलेली किंवा एमआयडीसीत नव्याने रुजू झालेली दोन-तीन कुटुंबे आमच्या वसाहतीत राहायला येतात आणि घर लागल्यावर वर्षभरात गाडीचे कोटेशन हातात घेऊन सल्ला विचारतात. त्या कोटेशनमध्ये आरटीओ आणि विमा यांच्या खाली ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ आणि ‘मेंटेनन्स पॅकेज’ अशा दोन ओळी असतात आणि त्याही सक्तीच्याच आहेत असे समजून बहुतेक जण सही करून टाकतात. या दोन्ही गोष्टी ऐच्छिक आहेत. त्या घेऊच नयेत असे मी सांगणार नाही. वाढीव वॉरंटी मी स्वतः घेतलेली आहे. मात्र आपण नेमके कशाचे पैसे भरत आहोत, हे सही करण्यापूर्वी कळलेच पाहिजे.

साहित्यात किंवा जोडणीत दोष निघाल्यास तो दूर करून देण्याची कंपनीची हमी म्हणजे वॉरंटी. देखभाल योजनेत, होणारच आहे तो सर्व्हिसिंगचा खर्च आपण आगाऊ भरतो. अपघात, पूर, चोरी हा विम्याचा विषय आहे. या तिन्हींची गल्लत झाली की पैसे भरूनही ऐनवेळी हात रिकामे राहतात.

वाढीव वॉरंटीचा निर्णय आपल्या वापरावरून करावा. मारुती सुझुकीने जुलै २०२४ पासून मूळ वॉरंटी ३ वर्षे किंवा १,००,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेथपर्यंत केली आहे आणि पैसे भरून ती ६ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत वाढवता येते. आता हिशेब पाहा. ज्याची गाडी घर, ऑफिस आणि महिन्यातून एखादी गावाकडची फेरी एवढीच चालते, त्याचे वर्षाला दहा हजार किलोमीटर होतात; त्याची वॉरंटी तीन वर्षांनी संपते तेव्हा गाडी जेमतेम ३०,००० किलोमीटर चाललेली असते. अशा माणसाला वाढीव वर्षांचा खरा उपयोग होतो. याउलट रोज सातारा-पुणे ये-जा करणाऱ्याचे दिवसाला सुमारे २२० किलोमीटर होतात, म्हणजे वर्षातील अडीचशे कामाच्या दिवसांत ५५,०००. त्याची लाखाची मर्यादा दोन वर्षांच्या आतच ओलांडली जाते आणि १,६०,००० ची मर्यादाही तीन वर्षांच्या आत संपते; म्हणून त्याने वर्षांच्या आकड्याला न भुलता किलोमीटरची मर्यादा पाहावी.

सर्वांत जास्त गैरसमज असतो तो झिजणाऱ्या भागांबद्दल आणि आपल्या जिल्ह्यात त्याची किंमत अधिक मोजावी लागते. मराठवाड्यातल्या सरळ रस्त्यांची सवय असलेल्या आम्हांला यवतेश्वर, केळघर आणि पसरणीच्या घाटांनी पहिल्या दोन वर्षांतच क्लच प्लेट बदलायला लावली, कारण चढावर अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवण्याची आमची खोड होती. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपरची रबरे, टायर हे भाग वापराने झिजतात. त्यांची भरपाई सहसा मूळ वॉरंटीतही मिळत नाही आणि वाढीवमध्येही नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा इथल्या जुन्या चालकांचा नियम पाळला तर ब्रेक पॅड कितीतरी जास्त टिकतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेली आणि इंजिनात पाणी शिरले, तर तो दोषही वॉरंटीत बसत नाही. त्यासाठी विम्यात इंजिन संरक्षणाचे वेगळे अ‍ॅड-ऑन घ्यावे लागते. उंदरांनी वायर कुरतडल्यास तेही वॉरंटीत बसत नाही. ज्यांचे काम माण-खटावच्या बाजूला आहे, त्यांना पावसाऐवजी धुळीचा त्रास असतो. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत धुळीच्या वापरासाठी एअर फिल्टर आणि ऑइल लवकर बदलण्याचे स्वतंत्र वेळापत्रक दिलेले असते, ते जरूर पाहावे.

आमच्या दुसऱ्या गाडीच्या वेळी एक चूक झाली, ती तुमच्याकडून होऊ नये. शोरूममध्ये वाढीव वॉरंटी म्हणून आम्ही पैसे भरले आणि मिळालेला कागद न वाचता फाइलमध्ये लावला. पाचव्या वर्षी भर उन्हाळ्यात एसीचा कॉम्प्रेसर गेला, तेव्हा समजले की ती हमी गाडी बनवणाऱ्या कंपनीची नव्हतीच. दुसऱ्याच एका संस्थेची होती, एकाच वर्कशॉपपुरती चालत होती आणि तिच्यात भरपाईला वरची मर्यादाही होती. सगळा खर्च आम्हांला करावा लागला. म्हणून प्रमाणपत्रावर गाडी बनवणाऱ्या कंपनीचे नाव, आपल्या गाडीचा चॅसी नंबर आणि सुरुवातीची व शेवटची तारीख शोरूम सोडण्यापूर्वी स्वतः वाचून पाहावी. बदलीच्या नोकरीत तर देशभरातील अधिकृत केंद्रांत चालणारी हमीच घ्यावी. पुढच्या गाडीला आम्ही तशी घेतली आणि चौथ्या वर्षी स्टिअरिंगची मोटर एक रुपयाही न देता बदलून मिळाली.

देखभाल योजनेबाबत माझे मत थोडे आखडते आहे. सुरुवातीच्या मोफत सर्व्हिसिंगमध्ये सहसा फक्त मजुरी मोफत असते, ऑइल आणि फिल्टरचे पैसे द्यावेच लागतात. त्यामुळे योजनेत ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल येतात का, की केवळ मजुरीच येते, हे लेखी विचारावे. दुसऱ्या गावी बदली झाली किंवा गाडी विकली तर उरलेल्या सर्व्हिसिंगचे काय होते, हेही विचारावे. कमी चालणाऱ्या गाडीसाठी दरवेळी बिल भरणे मला अधिक बरे वाटते. जास्त चालणाऱ्याला भाववाढीपासून संरक्षण म्हणून योजना परवडू शकते.

वॉरंटी टिकवायची असेल तर सर्व्हिसिंगची तारीख चुकवू नये. गाडी कमी चालली तरी वर्ष भरले की सर्व्हिसिंग करायचे असते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. प्रत्येक जॉबकार्ड (गाडी वर्कशॉपला देताना कामांची नोंद करतात तो कागद) आणि बिल जपून ठेवावे. आवाज, गळती, कंप अशी तक्रार जॉबकार्डवर आपल्या शब्दांत लिहून घ्यावी, कारण वॉरंटीच्या मुदतीत तक्रार केली होती याचा तोच पुरावा असतो.

रास्त दावा नाकारला गेल्यास नकार लेखी मागावा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्यानेही काम न झाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते; गाडी लातूरला किंवा नागपूरला घेतलेली असली तरी साताऱ्याच्या रहिवाशाला सातारच्या आयोगात दाद मागता येते. त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.