बांबूच्या बेटापासून छपरापर्यंत : तरुणांच्या टोळीला वर्षभर काम कसं द्यावं

जंगलातलं काम हंगामी. लागवड पावसाबरोबर आटोपते, तोड पावसानंतरचे काही महिने चालते. बांधकाम नेमकं पावसात थंडावतं. शाळा सुटलेल्या, हातावर पोट असलेल्या मुलामुलींना यातलं एकच काम शिकवलं तर अर्धं वर्ष ती रिकामी राहतात आणि मिळेल त्या मजुरीला निघून जातात. म्हणून दोन्ही कामं एकाच टोळीला द्या. सुरुवातीला बांबू सोयीचा, कारण सहा-आठ जणांना तो अवजड यंत्रांशिवाय झेपतो.

तोडीत पहिली चूक वयाची होते. कोंब एका हंगामात पूर्ण उंची गाठतो, पण बांधकामाजोगी ताकद यायला ३ ते ५ वर्षं लागतात. कोयत्याच्या पाठीने ठोकून पाहायला शिकवा: कोवळा बद्द वाजतो, जून खणखणतो. त्याहून खात्रीचं म्हणजे दरवर्षी नव्या बांबूंवर त्या वर्षाच्या रंगाचा पट्टा मारणं. जून बांबू बेटाच्या मध्यभागी असतात, तिथे शिरणं त्रासाचं, म्हणून नवखे हात कडेचे कोवळेच तोडतात आणि बेट खंगतं. कापताना जमिनीलगतच्या गाठीच्या अगदी वर कापा. वर पेराचा पेला उरला तर त्यात पाणी साचून बुडखा कुजतो.

खरी कमाई बांबूला किडीपासून वाचवणाऱ्या प्रक्रियेत आहे, आणि घाईही तिथेच नडते. बांबूतल्या पिठूळ अंशावर भुंगा येतो. प्रक्रिया न केलेल्या वाशाखाली काही महिन्यांत पिवळसर भुकटी पडू लागते. १०० लिटर पाण्याला ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड (भुंग्याला रोखणाऱ्या बोरॉनच्या भुकट्या) घ्या, आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवा. लांब सळईने आतले सगळे पडदे फोडा; एक जरी राहिला तरी त्या पेरात हवा अडकते आणि द्रावण शिरत नाही. बांबू तरंगतो, म्हणून वर दगड ठेवून दोन आठवडे टाकीत पूर्ण बुडवून ठेवा. नंतर सावलीत, हवेशीर जागी, अधूनमधून फिरवत दीड-दोन महिने वाळवा. उन्हात टाकला की तडकतो. हातमोजे हवेतच. उरलेलं द्रावण शेतात ओतू नका, जास्त बोरॉनने पिकं करपतात. कमी झालेली मात्रा भरून तेच पुन्हा वापरा.

बांबूत मुरलेली ही बोरॉनची द्रव्यं पावसाने धुऊन जातात. म्हणून खांब मातीत न पुरता उंच दगडी जोत्यावर उभा करा आणि छपराची वळचण रुंद ठेवा. सांधा गाठीजवळ घ्या. खिळा ठोकला की बांबू चिरतो. भोक पाडून बोल्ट घाला. आखणीत काटकोनासाठी एका बाजूला ३ मीटर, दुसरीला ४ मीटर मोजा, तिरकस अंतर ५ मीटर आलं पाहिजे. गणिताला घाबरणारी मुलं हे दोरीने चटकन शिकतात.

मजुरीचा मुद्दा शेवटी ठेवला तरी ठरवायचा सगळ्यात आधी. शिकण्याच्या काळातही दिवसाची मजुरी द्या आणि ती आठवड्याला चुकती करा. त्याशिवाय गरीब घरातलं मूल टिकूच शकत नाही. नगावर दर लवकर लावू नका. नग वाढवायला कोवळा बांबू तोडला जातो आणि टाकीतले दिवस कमी केले जातात. पुढे लावलाच, तर वय आणि वाळवण तपासून पास झालेल्या नगांचेच पैसे द्या, आणि ती तपासणी टोळीतल्याच एकाला शिकवा.