बिकट वस्तीतून सायकल: या चुका टाळा

बंद कारखान्यांची गल्ली, रस्त्यावर फुटलेल्या बाटल्या, निम्मे दिवे गेलेले. अशा भागातून रोज सायकल मारणारा म्हणजे दांडगा, कुणाच्याही अंगावर जाणारा गडी, असा नवख्यांचा समज असतो. तसं काही नसतं. तो नको तिथे थांबत नाही, एवढंच.

आणि थांबावं लागतं ते बहुतेकदा पंक्चरमुळे. नेहमीचं दृश्य: मागचं चाक बसतं, गडी घाईघाईने ट्यूब बदलतो, हवा भरतो, निघतो आणि पुढच्या चौकाच्या आत चाक परत जमिनीला. काचेचा तुकडा टायरमध्येच राहिलेला असतो. आता दुसरी ट्यूब नाही, अंधार पडलेला, आणि सायकल ढकलत न्यायची.

म्हणून आधी उजेडाच्या जागी जा. चेन मागच्या सर्वांत लहान चकतीवर घ्या, मग चाक काढा. ट्यूब काढण्यापूर्वी व्हॉल्वसमोर टायरवर खूण करा. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून भोक शोधा, व्हॉल्वपासूनचं अंतर टायरवर मोजा. काच तिथेच सापडते. तरी टायरच्या आतून चिंधी फिरवा. नुसतं बोट फिरवलं तर तेच कापतं. नवी ट्यूब किंचित फुगवूनच बसवा. टायरची कड व्हॉल्वच्या विरुद्ध बाजूने आत ढकलत आणा आणि शेवटचा भाग अंगठ्यांनीच बसवा. इथे टायर काढायची पट्टी (लिव्हर) घातली की नवी ट्यूब चिमटीत सापडते आणि फाटते. ठिगळ लावायचं काम घरी. सोल्युशन सुकेपर्यंत धीर नसलेल्यांनी तर रस्त्यावर त्या वाटेला जाऊच नये.

ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या तर दोष काचेचा नाही, हवा कमी होती. खड्ड्यात ट्यूब रिमवर चेचली. 32 मिलिमीटरच्या टायरला सत्तर किलोच्या माणसासाठी साधारण 60 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे, मागे थोडी जास्त. अंगठ्याने दाबून अंदाज घेणं सोडा, गेजवाला पंप घ्या.

खड्डा चुकवता आला नाही तर सीटवर बसून राहू नका: पेडल आडवी समान, कोपर-गुडघे सैल, ब्रेक खड्ड्याआधी, खड्ड्यात नाही.

उभ्या गाड्यांपासून निदान एक मीटर लांब राहा. दार उघडायला आतला माणूस विचारत नाही. ट्रामचे रूळ तिरके ओलांडू नका, काटकोनात घ्या. इअरफोन काढा.

कुलूप लावताना फक्त पुढचं चाक बांधणारे अजून आहेत, याचं नवल वाटतं. चाक तिथेच राहतं, सायकल जाते. यू आकाराचं कुलूप मागचं चाक आणि फ्रेम मिळून पक्क्या खांबाला घाला. पातळ वायरचं कुलूप कटरच्या एका दाबाचं असतं. खांबही हलवून बघा, काही नुसतेच रोवलेले असतात आणि उपटून निघतात.