विद्यापीठाच्या आवारात कंपोस्टेबल पार्सल डबे आणताना या चुका टाळा

कॅन्टीन, वसतिगृहांच्या मेस आणि फाटकाजवळचे स्टॉल यांतून रोज बाहेर पडणारे प्लास्टिकचे पार्सल डबे बंद करून त्यांच्या जागी कंपोस्टेबल डबे आणण्याचा ठराव विद्यापीठांत सहसा विनाविरोध मंजूर होतो. पण सत्र संपायच्या आत तेच नवे डबे जुन्या डब्यांसारखेच मिश्र कचऱ्याच्या गाडीत पडून कचरा डेपोकडे निघालेले दिसतात. दोष बहुधा डब्याचा नसतो. डबा आधी विकत घेतला जातो आणि तो कुजणार कोठे याचा विचार मागाहून होतो. उष्णता, ओलावा आणि हवा या तिन्ही गोष्टी मिळाल्याखेरीज कंपोस्टेबल डब्याचे खत होत नाही, आणि डेपोतल्या दाबलेल्या ढिगाऱ्यात उसाच्या चोथ्याचा डबा कुजलाच, तर हवेअभावी त्यातून मिथेन बाहेर पडतो.

खत करण्याची सोय न पाहता डबा निवडणे

ही सर्वांत मोठी चूक आहे आणि तिच्यातूनच पुढच्या बऱ्याच अडचणी जन्माला येतात. बाजारात कंपोस्टेबल म्हणून विकले जाणारे डबे मुख्यतः दोन जातींचे असतात. पहिली जात बगॅसची, म्हणजे साखर कारखान्यात उसाचा रस काढल्यावर उरणाऱ्या चोथ्याचा लगदा साच्यात दाबून केलेल्या डब्यांची. दुसरी जात पीएलएची, म्हणजे मका किंवा उसाच्या साखरेपासून बनवलेल्या पॉलिलॅक्टिक आम्लाच्या पारदर्शक झाकणांची, पेल्यांची आणि कागदी डब्यांच्या आतील अस्तराची. बगॅसचा डबा फाडून, भिजवून आणि वेळोवेळी ढीग पालथा करून साध्या खड्ड्यातही कुजतो. पीएलएला मात्र ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमान बराच काळ टिकून राहावे लागते, आणि अशी उष्णता मोठ्या, नीट हवा खेळणाऱ्या ढिगातच निर्माण होते.

महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत आधीपासून गांडूळखताचे वाफे असतात, आणि ‘आपल्याकडे खतप्रकल्प आहेच’ एवढ्या भरवशावर पीएलएच्या झाकणांची मागणी नोंदवली जाते. गांडुळे ज्या थंड, ओलसर वाफ्यात जगतात त्या तापमानाला पीएलए महिनोन्‌महिने जसेच्या तसे राहते. उलट पीएलए कुजेल इतका वाफा तापला तर गांडुळेच मरून जातील. खत चाळताना चाळणीवर कागद पूर्ण विरून गेलेला आणि त्याचे अस्तर तेवढे पातळ, कडा वळलेल्या पापुद्र्यासारखे शिल्लक राहिलेले दिसले, तर अडचण हीच आहे असे समजावे. अशा वेळी ढिगात कुजवणाऱ्या जिवाणूंची निरनिराळी कल्चर ओतत बसण्यापेक्षा पीएलएची खरेदी थांबवणे हाच उपाय आहे.

बायोगॅस संयंत्राबाबतही असाच गैरसमज आढळतो. भाभा अणु संशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ पद्धतीच्या संयंत्राला शिळे अन्न आणि भाजीपाल्याचे अवशेष उत्तम चालतात, परंतु तंतुमय आणि कठीण पदार्थ त्यात घालत नाहीत. बगॅसचे डबे त्यात टाकले तर तंतू पाचकात, म्हणजे अन्न कुजवणाऱ्या बंद टाकीत, तरंगून वर साय धरतात आणि नळ तुंबतात. म्हणून आवारात फक्त बायोगॅस असेल तर अन्न तिकडे आणि डबे वेगळ्या खड्ड्याकडे, ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून हवी. आणि खड्डा करण्याइतकी जागाच नसेल, तर औद्योगिक कंपोस्ट प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेशी डबे उचलण्याचा लेखी करार झाल्यावरच खरेदीचा विषय समितीपुढे आणावा.

हिरव्या पानाच्या चित्रावर विसंबणे

डब्याच्या तळाशी हिरवे पान आणि ‘इको’ असे छापलेले असणे हा कशाचाही पुरावा नाही. भारतात कंपोस्टेबल प्लास्टिकसाठी आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे आणि त्याच्या उत्पादक व विक्रेत्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. मानकानुसार चाचणी ५८ अंशांच्या आसपास होते, आणि तीत १८० दिवसांच्या आत पदार्थातील किमान ९० टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते. प्रमाणपत्रावरील उत्पादकाचे नाव, उत्पादनाचा प्रकार आणि मुदत या तिन्ही बाबी प्रत्यक्ष मालाशी ताडून पाहाव्यात, कारण कॅरीबॅगचे प्रमाणपत्र दाखवून डबे विकले जाण्याची शक्यता नेहमीच असते.

हा केवळ कागदोपत्री काटेकोरपणा नव्हे. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने एकदा वापरून फेकायची प्लास्टिक व थर्माकोलची ताटे, पेले आणि डबे यांवर बंदी आली, तिच्या उल्लंघनासाठी पहिल्या वेळी ५,००० आणि दुसऱ्या वेळी १०,००० रुपये दंड ठरला, आणि १ जुलै २०२२ पासून एकल वापराच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी लागू झाली. कंपोस्टेबल ताटल्या, पेले आणि डब्यांना राज्य शासनाने पुढे जी सवलत दिली, ती प्रमाणपत्राच्या अटीवरच दिली.

कागदी डब्याचा तुकडा रात्रभर पाण्यात भिजवून ठेवला तर सकाळी आतला पातळ पडदा सोलून निघतो, परंतु तो पॉलिथिनचा आहे की पीएलएचा हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणूनच माझा आग्रह असा, की खतासाठी अस्तर नसलेले बगॅसचे डबे घ्यावेत आणि अस्तराचा प्रश्नच मिटवावा. कंत्राटदार सत्राच्या मध्यावर स्वस्त माल आणून ठेवतात, हाही नेहमीचा अनुभव आहे. तेव्हा मंजूर झालेला नमुना भांडार विभागात शिक्का मारून जपावा आणि येणारी प्रत्येक खेप त्याच्याशी ताडावी, अशी अट निविदेतच घालावी.

उकळत्या रश्श्याची परीक्षा न घेणे

नमुने तपासणारी समिती बहुतेकदा डबा हातात घेऊन, दाबून पाहते आणि पसंत करते. डबा पारखायचा तर मिसळीने. कट उकळता असतानाच डब्यात ओतावा, झाकण लावावे, वर दुसरा डबा ठेवावा, आणि कॅन्टीनपासून सर्वांत दूरच्या वसतिगृहापर्यंत चालत जायला लागतो तेवढा वेळ जाऊ द्यावा. मग डबा उचलताना तळ खाली झुकतो का, बाहेरून हाताला तेल लागते का आणि झाकण कडेने उचलले गेले आहे का, हे पाहावे. साधे पीएलए साधारण ६० अंशांच्या जवळ मऊ पडते, त्यामुळे वाफाळत्या भाजीवर त्याचे झाकण वाकडे होणारच. तेथे बगॅसचेच झाकण हवे. पोहे, उपमा, वडापाव यांना तर डब्याचीही गरज नसते, आणि तेथे द्रोण किंवा साधा कागद पुरतो.

याच्या उलट एखादा डबा तासन्‌तास तेल आणि पाणी दोन्ही जराही आत शोषून घेत नसेल, तर त्याचे कौतुक करण्याआधी पुरवठादाराला प्रश्न विचारावा. लगद्याच्या डब्यांना तेलरोधक करण्यासाठी पीएफएएस या गटातील फ्लोरिनयुक्त रसायने वापरली जात असत. ती निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत, म्हणजे डबा कुजल्यावरही खतात राहतात आणि खताबरोबर बागेच्या मातीत जातात. एकूण फ्लोरिन किलोमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. अशा रसायनांविना बनलेल्या डब्यावर काही वेळाने तेलाचा डाग उमटतो. अर्ध्या तासात खाल्ल्या जाणाऱ्या जेवणासाठी तो डाग खुशाल चालवून घ्यावा.

ढीग थंड पडला किंवा वास मारू लागला तर

आवारातील खड्ड्यांत झाडांचा पालापाचोळा आधीच भरपूर असतो. बगॅसही पालापाचोळ्यासारखाच कार्बनने भरलेला असल्यामुळे डबे सुरू झाल्यावर पाला पूर्वीइतकाच टाकत राहिले, तर नत्र कमी पडते आणि ढीग तापतच नाही. कार्बन आणि नत्राचे प्रमाण साधारण ३० ला १ असावे लागते; म्हणून डबे वाढले की पाला कमी करावा आणि उरलेले अन्न, भाजीची देठे व शेणकाला वाढवावा. डबे अखंड टाकू नयेत, कारण एकात एक बसलेल्या डब्यांच्या चळतीत ना पाणी शिरते ना हवा. तळहाताएवढे तुकडे तरी करावेत. मूठभर माल घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसावा. धार लागली तर ओलावा जास्त, आणि मूठ उघडताच माल भुगा होऊन सांडला तर कमी. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी एक मीटर याहून ढीग लहान असेल तर आत उष्णता धरत नाही. आंबूस किंवा कुजका वास येत असेल, तर रस्सा आणि ताक निथळून न टाकल्याचे ते लक्षण आहे. ढीग पालथा करून त्यात कोरडा पाला मिसळावा. लांब दांड्याचा तापमापक फारसा महाग नाही, आणि तो ज्या सफाई कर्मचाऱ्याच्या हाती रोज असेल त्यालाच ढिगाची खबर सर्वांत आधी कळेल.

कचरापेटीपाशी सारे सोडून देणे

रबरबँड, चटणीची प्लास्टिकची पुडी, चिकटवलेले लेबल आणि चमचा यांसकट डबा पेटीत पडतो. यातील जेवढ्या गोष्टी कॅन्टीननेच द्यायच्या बंद केल्या, तेवढे पेटीपाशी निवडण्याचे काम वाचते. जुने प्लास्टिक डबे आणि नवे डबे एकाच वेळी वापरात असतील तर वर्गीकरण हमखास फसते, त्यामुळे जुना साठा संपवून एकाच दिवशी बदल करावा आणि बाहेरून मागवलेल्या जेवणाच्या डब्यांसाठी वसतिगृहाच्या दाराशीच वेगळी पेटी ठेवावी. मोठ्या प्रमाणावर कचरा निर्माण करणाऱ्या संस्थांनी वर्गीकरण करून शक्य तेथे आवारातच ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया करावी, ही जबाबदारी २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच विद्यापीठांसारख्या संस्थांवर टाकली होती. म्हणून हे काम इच्छुक विद्यार्थ्यांच्या उत्साहावर न ठेवता पगारी कर्मचाऱ्याच्या कामात लिहिलेले असावे.

बसून खाणाऱ्यालाही डबा देणे

भांडी घासण्याचे मनुष्यबळ वाचावे म्हणून काही कॅन्टीन कंपोस्टेबल डबे येताच स्टीलची ताटे बाजूला सारतात. यामुळे खर्च वाढतो, खड्डा भरून वाहतो, आणि वर्षानुवर्षे चालणारे ताट जाऊन एका जेवणापुरती वस्तू येते. बसून खाणाऱ्याला स्टीलचे ताट, स्वतःचा डबा आणणाऱ्याला पार्सलच्या दरात सूट आणि उरलेल्यांनाच बगॅसचा डबा, असे कंत्राटात स्पष्ट लिहावे. डब्याची किंमत थाळीच्या दरात न मिसळता वेगळी दाखवावी, म्हणजे किती डबे खरोखर लागतात याचा हिशेब पहिल्या महिन्यातच हाती येतो. तो हिशेब मिळेपर्यंत मोठी खरेदी करू नये, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर, कारण ओलसर गोदामात जमिनीवर ठेवलेले बगॅसचे गठ्ठे वापरण्याआधीच बुरशी धरतात.