पाठीचे मणके शाबूत ठेवून जुन्या मियाटाचं सस्पेन्शन कसं बदलायचं

डेट्रॉईटच्या आसपास, नोव्हाय, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स या पट्ट्यात गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारे आपले मराठी लोक भरपूर आहेत, आणि त्यातल्या कुणाला ना कुणाला जुनी मझदा मियाटा, म्हणजे दोन सीटची छोटी उघडी स्पोर्ट्स गाडी, घ्यायची हुक्की येतेच. गाडी दारात लागली की पहिला प्रश्न ठरलेला, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकचे जोड) कुठले टाकू? मला विचाराल तर आत्ता कुठलेच नको. आधी बाकीचं बघू.

मी बोलतोय ते एनए आणि एनबीबद्दल, म्हणजे १९८९ ते २००५ पर्यंतच्या पहिल्या दोन पिढ्या. वजन टनाच्या आसपास, चारही चाकांना डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म), म्हणजे पाया उत्तम आहे. फक्त एक दुखणं आहे, सस्पेन्शनला वर जायला जागा मुळातच कमी. दोन इंच गाडी खाली केली की शॉकच्या दांड्यावर जो फोमचा बम्पस्टॉप असतो त्याच्यावरच गाडी बसते, आणि मग प्रत्येक खड्ड्यात धाडकन आवाज येतो आणि लोक म्हणतात स्प्रिंग फार कडक आहेत. अहो स्प्रिंगला काम करायला मिळालंच नाही! आणि वळणावर तेच, बाहेरचं पुढचं चाक स्टॉपवर आदळलं की तिथला कडकपणा एकदम वाढतो आणि गाडी सरळ निघते, मागचं आदळलं तर शेपूट सुटते. म्हणजे आराम आणि हँडलिंग दोन्ही एकाच जागी बिघडतात. त्यामुळे एक सोडल्याशिवाय दुसरं मिळत नाही हे जे सगळे म्हणतात ते अर्धंच खरं, ट्रॅव्हल (चाकाला वर-खाली जायची जागा) राखला तर बऱ्याच अंशी दोन्ही मिळतं.

सुरुवात फुकटच्या कामाने. टायरचं प्रेशर बघा. या गाड्यांच्या दारावरच्या स्टिकरवर २६ पीएसआय लिहिलंय आणि टायरवाले सवयीने ३२-३५ भरून देतात, एवढ्या हलक्या गाडीला ते खूप होतं. आणि १७ इंची चाकं आधीच्या मालकाने लावली असतील तर विकून टाका, १५ इंचावर १९५/५० टायर हा या गाडीला बसणारा मेळ आहे, साइडवॉल (टायरची धक्का खाणारी बाजूची भिंत) पण मिळते आणि चाकाचं वजन पण कमी राहतं.

मग बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरी नळकांडी. तीस वर्षांचं रबर तडकलेलं असतंच, त्यावर महागडे शॉक लावणं म्हणजे पैसे पाण्यात. रस्त्यावरच्या गाडीला मी रबरच सांगेन, पॉलियुरेथेनमध्ये ग्रीस कमी पडलं की करकर सुरू. महत्त्वाचं म्हणजे रबर बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे घट्ट करू नका, चाकांवर गाडीचं वजन आलं की मगच करा, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो, राइड उगाच कडक होते आणि बुश लवकर फाटतो पण. मिशिगनमध्ये रस्त्यावरच्या मिठाने खालच्या आर्मचे लांब बोल्ट आणि अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन जुळवायचे, कॅम बोल्ट जाम झालेले असतात, आदल्या दिवसापासून पेनिट्रेटिंग ऑइल मारत राहा आणि नवीन बोल्ट आधीच मागवून ठेवा.

आता स्प्रिंग. इथे थोडं गणित करा, कठीण नाहीये. स्प्रिंगचा रेट, म्हणजे कडकपणा, बघून काही कळत नाही कारण स्प्रिंग आर्मवर आत बसलेली असते, चाकापाशी पोचणारा रेट म्हणजे स्प्रिंग रेट गुणिले मोशन रेशोचा वर्ग (मोशन रेशो म्हणजे चाक जेवढं हलतं त्याच्या किती पट स्प्रिंग दबते). मियाटाला पुढे मोशन रेशो साधारण ०.७२ धरा, वर्ग आला ०.५२. पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगवर झुलणारं वजन अंदाजे २२० किलो. मग २८ न्यूटन प्रति मिलिमीटरच्या आसपासच्या स्टॉक (कंपनीच्या मूळ) स्प्रिंगला फ्रिक्वेन्सी, म्हणजे गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली झुलते, येते १.३ हर्ट्झ, ५६ ला येते १.८, आणि कॉइलओव्हरवाले ज्याला ८ के म्हणतात, म्हणजे ८ किलो प्रति मिलिमीटर, त्याला जवळजवळ २.२. रोजच्या गाडीला १.६ ते १.८ मध्ये राहा. २ च्या वर गेलात तर वॉटरफोर्ड हिल्सच्या ट्रॅकवर मजा येईल पण आय-९६ हायवेच्या काँक्रीटच्या सांध्यांवर बायको दुसऱ्यांदा बसायची नाही. अमेरिकन किटवर पाउंड प्रति इंच लिहितात, १ के म्हणजे ५६ पाउंड, एवढं पाठ करून ठेवा.

पुढे आणि मागे किती हे पण बघा. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ओली यांनी दाखवलं होतं की मागची फ्रिक्वेन्सी पुढच्यापेक्षा थोडी जास्त असेल तर गाडी मान कमी डोलवते, कारण मागचं चाक उंचवट्यावर उशिरा चढतं आणि त्याला पुढच्याची बरोबरी गाठायची असते. मियाटाचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) जेमतेम २२६५ मिमी, त्यामुळे पुढे दगड आणि मागे मऊ असा किट घेतलात तर सांध्यांवर नुसतं डोलणं.

पण खरे पैसे घालायचे ते शॉकमध्ये. स्वस्त कॉइलओव्हरला शॉकचा कडकपणा बदलायचे बत्तीस क्लिक असतात, आणि बऱ्याचदा त्या बत्तीसमध्ये फरक कळत नाही किंवा सगळ्याच वाईट असतात. कोनीचे पिवळे स्पोर्ट शॉक आणि चांगल्या कंपनीच्या स्प्रिंग एवढ्यावर बहुतेकांचं भागतं, बजेट असेल तर ओलिन्सचे रोड अँड ट्रॅक कॉइलओव्हर. कोनीला फक्त रिबाउंड (दबलेली स्प्रिंग उसळून परत येताना शॉक जो विरोध करतो तो) बदलता येतं. पूर्ण मऊवर सुरू करा, ओळखीच्या खराब रस्त्यावर चालवा, उंचवट्यानंतर गाडी तरंगत राहते असं वाटलं तर पाव फेरा वाढवा, पुन्हा चालवा. तरंगणं थांबलं की तिथेच थांबायचं. त्यापुढे गेलात तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो, गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी परत बम्पस्टॉप. बम्पस्टॉप मात्र नवीन लावा, आणि जागा करायला वाट्टेल तसे कापू नका, शॉक आतून आदळायला लागला तर तो गेलाच. एनएवर एनबीचे वरचे माउंट लावले तर थोडा जास्त ट्रॅव्हल मिळतो, हा जुगाड जुना आणि चांगला आहे.

उंची हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, साडेबारा ते तेरा इंच ठेवा. दिसायला अजून खाली छान दिसते मान्य आहे, पण मार्चमध्ये बर्फ वितळून रस्ते उखडले की कळेल. किती ट्रॅव्हल वापरला जातोय ते बघायला शॉकच्या दांड्याला झिप टाय बांधून एक चक्कर मारा, तो कुठे सरकला ते बघा, रोजच्या रस्त्यावर जर स्टॉपमध्ये खोल घुसत असेल तर आधी उंची वाढवा, मग बाकीचं.

अँटीरोल बार शेवटी. पुढे जरा जाड बार लावला की स्प्रिंग फार कडक न करता झुकणं कमी होतं, पण बार दोन चाकांना बांधतो, एका चाकाखाली खड्डा आला तरी धक्का दुसरीकडे जातो, म्हणून फार जाड नको. बारच्या लिंक जोडताना गाडी चाकांवर असू द्या.

सगळं झाल्यावर थोडे दिवस चालवून स्प्रिंग बसू द्या आणि मग अलाइनमेंट, ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकं काहीतरी ठेवून. पुढे कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) उणे एक ते दीड अंश, मागे उणे दीडच्या आसपास, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) पाच अंशांजवळ, पुढचा टो (वरून बघता चाकं आत-बाहेर वळलेली) शून्य, मागे अगदी किंचित आत. दुकानदार म्हणेल मशीनवर हिरव्यात (मान्य मर्यादेत) आहे चालतंय, त्याला आकडे कागदावर लिहूनच द्या.